त्रिनिदादच्या गावात गावकऱ्यांनाच घेऊन हॉररपट करतोय, एका सीनवर अडलोय

रानवाट:
नमस्कार मंडळी, मी कॅमेरा करतो, तीन वर्षं झाली त्रिनिदादला आहे. इथल्या नॉर्दर्न रेंजच्या डोंगरात, कोकोच्या पडीक मळ्यांना लागून असलेल्या एका गावात आम्ही सिनेमा करतोय. युनिट सहा जणांचं, कॅमेरा एक, बॅटरीवरचे दोन एलईडी, बाकी सगळी माणसं गावातली, कुणी मासे धरतं कुणी मॅक्सी टॅक्सी म्हणजे इथली प्रवासी मिनीबस चालवतं, कॅमेऱ्यासमोर याआधी कुणीच उभं राहिलेलं नाही. गोष्ट ड्वेनची, म्हणजे इथल्या लोककथांमधलं, बाप्तिस्म्याआधीच मेलेल्या मुलाचं भूत, डोक्यावर मोठी गवती टोपी, चेहरा नाही आणि पावलं उलटी.

परवा रात्री आईने अंगणातून मुलाला हाक मारायचा सीन होता आणि आईचं काम करणारी बाई काही केल्या तोंड उघडेना. शेवटी तिची आजी पायरीवरून म्हणाली, अंधार पडल्यावर लेकराचं नाव बाहेर मोठ्याने घ्यायचं नसतं, ड्वेन ते ऐकून ठेवतो आणि मग त्याच नावाने हाका मारत पोराला रानात नेतो. आम्ही सोपं जावं म्हणून काम करणाऱ्या पोराचं खरं नावच पात्राला दिलेलं. मी तिथेच शूटिंग थांबवलं. पण सगळी गोष्टच त्या हाकेवर उभी आहे, आता काय करू?

काजवा:
हाक काढून टाका. आई दारात उभी आहे, पोरगं दिसत नाहीये आणि तिला नाव घेता येत नाही, यापेक्षा भीतीदायक काय असणार? तुम्ही लिहिलेल्यापेक्षा हा सीन चांगला आहे आणि तो त्या आजींनी दिलाय. पात्राचं नाव मात्र आजच बदला. मग आई पोराला बोलवते कशी, तेही त्यांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका.
आणि ड्वेन दाखवायला पैसे घालवू नका. चिखलात पावलांचे ठसे दाखवा, घरापासून रानाकडे जाणारे. बघणाऱ्याला वाटेल तो निघून गेला. पावलं उलटी आहेत हे लक्षात येतं तेव्हा कळतं की तो घरात आलाय. फुकटात होतं हे, फक्त पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना करा.

ध्वनीवाला:
रात्री बेडूक आणि किडे इतके ओरडतात की संवाद साफ मिळणारच नाहीत, त्यांच्याशी भांडू नका, प्रत्येक जागेचा पाच मिनिटांचा नुसता आवाज वेगळा घेऊन ठेवा आणि भीतीच्या जागी तो एकदम बंद करा. गॅल्व्हनाइज पत्र्याच्या छपरावर पाऊस लागला की मात्र घरातलं शूटिंग संपलंच म्हणून समजा. पावसाळा जून ते डिसेंबर, मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला पेती कॅरेम म्हणतात ती काही दिवसांची उघडीप मिळते, जमलं तर मोठे सीन तेव्हा धरा. अजून एक, तिथे वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्या ५० च्या सवयीने शटर ठेवलं तर घरातले दिवे चित्रात लुकलुकताना दिसतील. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर शटर १/६० सेकंद ठेवा. संधिप्रकाश वीसेक मिनिटंच टिकतो, त्यामुळे तालीम उजेडातच उरकून घ्या.

माजघर:
पैशाचं आधी बोला. थोडे टीटी (त्रिनिदादचे) डॉलर का असेनात, सगळ्यांना सारखे द्या, रात्रीचं जेवण गावातल्याच कुणाकडून बनवून घ्या आणि सिनेमा विकला गेला तर गावाचा वाटा किती हे कागदावर लिहून द्या. पोराच्या आईवडिलांची लेखी परवानगी आणि किती वाजता सोडणार ती वेळसुद्धा. आजींचं नाव कथेच्या श्रेयात हवंच, आभाराच्या यादीत नको.
आणि कृपा करून ओबिया, म्हणजे तिथली आफ्रिकी मुळाची मंत्र-तोडग्यांची विद्या, करणाऱ्या म्हाताऱ्याला खलनायक करू नका. इंग्रजांच्या काळात ओबिया गुन्हा होता, तो कायदा त्रिनिदादमध्ये २००० साली रद्द झाला. माणसं त्या भीतीत पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत, आपण पुन्हा तेच चित्र काढायला जाऊ नये.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजींकडे जाऊन बसलो. त्यांनी कोपऱ्यातलं टवका उडालेलं पांढरं इनॅमलचं ताट घेतलं आणि चमच्याने तीनदा वाजवलं, थांबून पुन्हा तीनदा. म्हणाल्या, आम्हाला अशीच बोलवायची आई, ताट ऐकलं की जिथे असू तिथून धावत यायचो. अंगावर काटा आला हो. आता सीन असा आहे, आई ताट वाजवते, थांबते, आणि रानातून तसंच तीनदा परत ऐकू येतं. आजींना हे सांगितलं तर बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या ते माझं ताट नको, दुसरं आणा. दुसरं आणलंय. शुक्रवारी पाऊस नसला तर घेतो.