वर्शिप टीममध्ये वाजवताना मन कोरडं का पडतं?

खडकीचा कीबोर्डवाला:
जय ख्रिस्त मंडळी. सहा वर्षं चर्चच्या वर्शिप टीममध्ये, म्हणजे उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गटात, कीबोर्ड वाजवतोय, पण हल्ली गाणं चालू असताना डोक्यात फक्त पुढची कॉर्ड, मॉनिटरचा (आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज आणि ढोलकी पुढे पळतेय का एवढंच असतं, लोक डोळे मिटून रडतात आणि मी पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण बघत बसतो. मन कोरडंय. थांबू का?

वानवडीची ताई:
थांबू नकोस रे भावा. बायबलमधलं आमोस ५:२३ वाच, देव तिथं वीणेचा आवाजसुद्धा नको म्हणतो कारण लोकांच्या जगण्यात न्याय नव्हता, म्हणजे प्रश्न सुराचा नाहीच. मी रविवारी निघायच्या आधी स्वयंपाकघरात तेच गाणं वाद्याशिवाय एकदा देवासाठी म्हणते, कुकरच्या शिट्ट्यांत, पण तिथंच खरं भरून येतं.

कॅम्पातले काका:
बायबलमधलाच १ इतिहास, अध्याय २५ पण बघ. मंदिरात २८८ गायक, चिठ्ठ्या टाकून २४ पाळ्या, गुरू-शिष्य सगळे सारखेच. म्हणजे विश्रांती धरलेलीच होती की! तू दर रविवारी एकटाच ओढतोयस. चर्चच्या पाळकांशी बोल, महिन्यातून एक रविवार खाली बाकावर बसून नुसतं ऐक.

खडकीचा कीबोर्डवाला:
काका, खाली बसून शेवटचं कधी गायलो आठवतच नाही. आजच बोलतो पाळकांशी.