शब्दचर्चा: औषध डोपामाइन ‘कमी करतं’ की ‘अडवतं’?

मूळ प्रश्न

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध घेतोय. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यावर अडले. ‘ही औषधं मेंदूतलं डोपामाइन कमी करतात’ असं लिहिलं होतं (डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं रसायन). ते वाचून आईने विचारलं, “मग काही वर्षांनी ते संपेल का गं?” तिची ही भीती माझ्या क्रियापदाने निर्माण केली. नेमकं क्रियापद कोणतं? आणि पेशीवरच्या ज्या रेणूला डोपामाइन चिकटतं त्या रिसेप्टरला काय म्हणावं: ग्राहक, ग्राही की संवेदक?

प्रतिसाद

‘कमी करतं’ चूकच. पेशी डोपामाइन सोडतच असते. ते समोरच्या पेशीवरच्या ज्या रेणूला जाऊन चिकटतं, तिथे औषध बसलेलं असतं. म्हणून ‘अडवतं’, आणि तेही रस्ता अडवण्याच्या नव्हे तर जागा अडवून बसण्याच्या अर्थाने.

१९६३ साली आर्विड कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांना हॅलोपेरिडॉल आणि त्याच गटातलं क्लोरप्रोमाझिन दिलं, तेव्हा डोपामाइनच्या विघटनातून तयार होणारा पदार्थ वाढलेला दिसला. म्हणजे निरोप पोचत नाही म्हणून पेशी आणखी जोरात डोपामाइन सोडत होती! ‘कमी करणं’ याच्या अगदी उलट. आईंना हे जरूर सांगा.

‘कमी करतं’ हे क्रियापद शोभेल असं औषध वेगळं आहे: सर्पगंधेपासून मिळणारं रेसरपिन. ते पेशीतला डोपामाइनचा साठाच रिकामा करतं. १९५०च्या दशकात तेही मनोविकारांवर वापरलं जायचं. दोन औषधं, दोन यंत्रणा. क्रियापदंही दोन हवीत.

प्रतिसाद

माझं मत ‘ग्राही’ला. ‘ग्राहक’ म्हटलं की दुकान डोळ्यांपुढे येतं, आणि ‘औषध ग्राहक अडवतं’ हे वाक्य तर भलतंच काही सांगतं. ‘संवेदक’ म्हणजे सेन्सर, तो नको. ‘ग्राही’ला प्रत्यय सहज लागतात: ग्राहीवर, ग्राहींची. डोपामाइनचे ग्राही पाच प्रकारचे, डी१ ते डी५. या औषधांच्या संदर्भात मुख्य तो डी२.

ग्राही अडवणाऱ्या रेणूसाठी, म्हणजे अँटॅगॉनिस्टसाठी, ‘विरोधक’ वाचलंय, पण मला ते पटत नाही. विरोधक म्हटलं की तो काहीतरी उलटं करतोय असं वाटतं. हा रेणू ग्राहीवर बसतो, पण त्याला जागं करत नाही. ‘रोधक’ पुरे. ‘प्रतिरोधक’ नको, त्याने रोगप्रतिकारशक्ती आठवते.

प्रतिसाद

‘रोधक’ मान्य, पण याच गटातल्या अ‍ॅरिपिप्राझोलचं काय? ते बसतं आणि ग्राहीला थोडंसं जागंही करतं. डोपामाइन भरपूर असेल तिथे ते रोधकासारखं वागतं, तुटवडा असेल तिथे उद्दीपकासारखं, म्हणजे ग्राहीला जागं करणाऱ्यासारखं. ‘अर्धउद्दीपक’ म्हटलं तर नेमकं निम्मं असं वाटतं. ‘अंशतः उद्दीपक’ लांबलचक आहे, तरी तोच खरा.

आणखी एक. ‘अडवतं’ ऐकून सगळंच बंद पडलं असा समज होऊ शकतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी साधारण ६५ टक्के डी२ ग्राही व्यापले की गुण दिसू लागतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग ताठरणं, हात थरथरणं वाढतं. कारण हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागातही हेच ग्राही आहेत, आणि औषधाला जागा निवडता येत नाही. तेव्हा ‘काही ग्राही’ हे शब्द वाक्यात हवेतच.

प्रतिसाद

याच गटातल्या क्लोझापिन या औषधामुळे ‘बसतं’ला ‘उठतं’ची जोड द्यावीशी वाटते. ते डी२वरून लवकर सुटतं, आणि त्याने अंग ताठरण्याचा त्रास कमी होण्याचं हे एक कारण मानलं जातं. हॅलोपेरिडॉल घट्ट बसतं, म्हणून त्याची मात्रा काही मिलिग्रॅम, तर क्लोरप्रोमाझिनची शेकड्यांत. या घट्टपणाला, म्हणजे अ‍ॅफिनिटीला, ‘ओढ’ म्हणता येईल. ‘आसक्ती’ मला जड वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती

भावाचा हात थरथरतो त्याला आम्ही घरात ‘अशक्तपणा’ म्हणत होतो. तो शब्दही चुकीचाच होता. आता डॉक्टरांना नीट विचारते. नवा मजकूर असा: ‘डोपामाइन मेंदूत तयार होतच राहतं. हे औषध त्याच्या काही ग्राहींवर जागा अडवून बसतं, त्यामुळे तिथे डोपामाइनचा निरोप पोचत नाही. औषध उतरलं की त्या जागा पुन्हा मोकळ्या होतात.’

प्रतिसाद

छान झालंय. फक्त ‘उतरलं’ बदला. नशा उतरते, विष उतरतं. तुमच्या भावाने हे वाचलं तर त्याला तसं वाटायला नको. ‘औषध निघून गेलं की’ असं करा. आणि त्यालाच जोडून, गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत हेही लिहा, कारण जागा मोकळ्या झाल्या की त्रास परतू शकतो.