थ्री डेज ग्रेसची गाणी बसवताना: कुठल्या काळातली निवडावीत, आणि उतरवलेलं ट्युनिंग कसं सांभाळावं?

मंद्रसप्तक: दोन गिटार, चार तारांचा बास, ड्रम आणि दोन गायक असा संच आहे. ४० मिनिटांत थ्री डेज ग्रेस या रॉक बँडची आठ-नऊ गाणी बसवायची आहेत. मधे त्यांचा गायक बदलला, तर दोन्ही काळातली गाणी एकाच कार्यक्रमात कशी घ्यावीत? दुसरी अडचण तारांची. गिटारला १०-४६ चा सेट आहे (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). सहावी तार 'सी'पर्यंत उतरवली की सैल पडते, फ्रेटवर आपटून खणखणते आणि जोरात वाजवली की सूर चढतो. नुसत्या तारा बदलून भागेल का?

नॉरवूड९७: गाण्यांचं आधी सांगतो. काळ दोन नाहीत, तीन धरा.

बँड कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नॉरवूड या लहान गावचा. १९९२ मध्ये ही शाळकरी मुलं 'ग्राउंड्सवेल' नावानं वाजवत होती. तो गट १९९५ ला मोडला आणि १९९७ मध्ये अ‍ॅडम गॉन्टिए, नील सँडरसन (ड्रम) आणि ब्रॅड वॉल्स्ट (बास) यांनी नव्या नावानं सुरुवात केली. २००३ चा पहिला अल्बम या तिघांचाच. गाणं आणि गिटार दोन्ही गॉन्टिएकडे. बॅरी स्टॉक गिटारवर आला तो त्यानंतर. म्हणून 'आय हेट एव्हरीथिंग अबाउट यू' किंवा 'होम' बसवायला सोपी जातात. कडव्यात गिटार मोकळी, कोरसला भिंतीसारखी, एवढाच आराखडा आहे.

कार्यक्रमाचा कणा मात्र २००६ च्या 'वन-एक्स' या अल्बममधूनच घ्या. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर गॉन्टिएनं टोरोंटोत उपचार घेतले आणि त्यातली बरीच गाणी त्या दिवसांतून आली. ते ऐकताना कळतं: शब्द साधे, पण कुठेही दिखावा नाही. 'पेन', 'अ‍ॅनिमल आय हॅव बिकम', 'नेव्हर टू लेट' आणि 'रायट' ही चारही घ्याच. २००९ च्या 'लाइफ स्टार्ट्स नाऊ'मधलं 'ब्रेक' आणि २०१२ च्या 'ट्रान्झिट ऑफ व्हीनस'मधलं 'चॉक आउटलाइन' धरलं की पहिला काळ संपला.

जानेवारी २०१३ मध्ये गॉन्टिए बाहेर पडल्याचं जाहीर झालं आणि ब्रॅडचा धाकटा भाऊ मॅट वॉल्स्ट आला. तो आधी 'माय डार्केस्ट डेज' या बँडमध्ये गायचा. या काळातली 'पेनकिलर', 'आय अ‍ॅम मशीन' (दोन्ही 'ह्यूमन', २०१५) आणि 'द माउंटन' ('आउटसायडर', २०१८) ही तुमच्या दुसऱ्या गायकाला द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये गॉन्टिए परत आला आणि मॅटही राहिला. हा तिसरा काळ. 'मेडे' हे या जोडीचं पहिलं गाणं आणि २०२५ चा 'एलिएनेशन' हा त्यांचा अल्बम. दोन गायक असलेल्या संचाला याहून योग्य काय मिळणार! शेवटचं गाणं 'मेडे' ठेवा.

जाडतार: सैल तारेचं कारण साधं आहे. 'ई'वरून 'सी'पर्यंत चार अर्धस्वर उतरलं की ४६ च्या तारेत ताणच उरत नाही. आघात झाला की ती रुंद हेलकावते, म्हणून फ्रेटला लागते. आणि आघाताच्या क्षणी ताण वाढतो, म्हणून सूर चढतो.

ड्रॉप सी म्हणजे जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-ए-डी. गिटारची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) साडेपंचवीस इंच असेल तर ११-५४ किंवा १२-५६ चा सेट लावा. पावणेपंचवीस इंचाची असेल तर थेट १२-५६, कारण लहान स्केलवर तोच सूर कमी ताणात येतो. नुसतं ड्रॉप डी (फक्त सहावी तार 'डी'पर्यंत) हवं असेल तर १०-५२ पुरतो.

पण तारा बदलून काम संपत नाही. जाड तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत नीट बसत नाही, वर अडकून राहते. मग ट्यून करताना 'टिक' असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच तारेच्या जाडीच्या कानशीनं रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्याच फ्रेटवर खणखणेल आणि नट बदलावा लागेल.

तारा लावून एक दिवस जाऊ द्या, मग मानेचा बाक तपासा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला जुळते तिथे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करा, जास्त असेल तर पाव फेरा घट्ट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा.

मंद्रसप्तक: एका गिटारचा ब्रिज तरंगता (स्प्रिंगांवर हलणारा) आहे. तिलाही हेच करायचं का? आणि नेमकं कुठलं गाणं कुठल्या ट्युनिंगमध्ये आहे, हे कसं ठरवायचं? टॅबमध्ये (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारी स्वरलिपी) एकाच गाण्याला तीन वेगवेगळी दिसतात.

जाडतार: तरंगत्या ब्रिजला ताण बदलला की तो एका बाजूला झुकतो, मग एक तार जुळवली की बाकीच्या पाच बिघडतात. मागचं झाकण काढा. ब्रिज धडात बुडत असेल तर स्प्रिंगांचे स्क्रू सैल करा, वर उचलला असेल तर घट्ट. पुन्हा ट्यून करा, पुन्हा बघा. चार-पाच फेऱ्या होतात. म्हणून ही गिटार एकाच ट्युनिंगसाठी राखून ठेवा. गाण्यागणिक बदलायचं ते स्थिर ब्रिजवर.

टॅबवर विसंबू नका. गाणं अर्ध्या वेगानं लावा, रिफमधला (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) सर्वांत खालचा सूर ट्यूनरवर मिळवा. तोच बहुधा मोकळ्या सहाव्या तारेचा असतो. त्यानुसार गाण्यांचे गट पाडा आणि कार्यक्रमाचा क्रम गटांनुसार लावा.

खर्ज_बास: बासकडे कुणाचं लक्ष नाही. चार तारांच्या नेहमीच्या सेटमधली 'ई' तार 'सी'वर लोंबते, सूर नव्हे नुसती गुरगुर येते. पाच तारांच्या सेटमधल्या १३०, १०५, ८५, ६५ या चार जाड तारा बी-ई-ए-डी अशा लावा. खालचा 'सी' पहिल्या फ्रेटवर मिळेल. इथेही नटची खाच रुंद करावी लागेल. 'अ‍ॅनिमल'ची सुरुवातच बासची आहे, तिथे थोडं डिस्टॉर्शन हवं. पण स्वच्छ सिग्नल वेगळा ठेवून त्यात मिसळा, नाहीतर खालचा भाग पातळ होतो.

दोन्ही गिटारांचा गेन (अ‍ॅम्पवरची डिस्टॉर्शनची मात्रा) घरी वाजवता त्यापेक्षा एक तृतीयांशानं कमी करा आणि मिडल (मधले सूर) वाढवा. मिडल काढलेला आवाज खोलीत भारदस्त वाटतो, ड्रम सुरू झाले की गायब होतो. एक गिटार डाव्या बाजूला, दुसरी उजव्या. दोघांनी उजव्या हाताचे आघात अगदी एकसारखे करायचे. थांबण्याच्या जागी तारा तळहातानं बंद झाल्या नाहीत, तर नॉइज गेटसुद्धा (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) वाचवत नाही.