मदत हवी आहे: पेंटॅक्सच्या जुन्या लेन्सेससाठी पेंटॅक्सचीच बॉडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

वडिलांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा घरात आहे, सोबत ५० आणि १३५ मिमीच्या दोन मॅन्युअल लेन्सेस. बुरशी नाही, फोकस रिंग मऊ फिरते. या लेन्सेस मला डिजिटलवर वापरायच्या आहेत. पेंटॅक्सची बॉडी घेऊ की दुसऱ्या कुठल्या मिररलेसला (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला) अडॅप्टर लावू, हे ठरत नाहीये.

मन पेंटॅक्सकडेच ओढ घेतं. १९७५ मध्ये आलेला के-माउंट (लेन्स बसवायची जोडणी) त्यांनी आजही टिकवलाय. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच असल्यामुळे जुन्या लेन्सलाही त्याचा फायदा मिळतो. शिवाय के-३ मार्क ३ या त्यांच्या डिजिटल बॉडीचं वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धुळीपासून संरक्षण. पावसाळ्यात घाटमाथ्यावर फिरणाऱ्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण एक गोष्ट फार खटकते. के१००० मध्ये लेन्सवरच्या रिंगने अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) कितीवर ठेवलंय हे माउंटमधल्या एका छोट्या कळीमुळे कॅमेऱ्याला कळतं, म्हणून पूर्ण उघड्या लेन्समधून पाहतानाच उजेड मोजणारा मीटर बरोबर दाखवतो. पेंटॅक्सच्या डिजिटल बॉडीत ती कळच नाही. मॅन्युअल मोडवर जा, हिरवं बटण दाबा म्हणजे कॅमेरा तेवढ्यापुरता उजेड मोजतो, मग शटर; उजेड बदलला की पुन्हा तेच. मिररलेसवर साध्या अडॅप्टरने हीच लेन्स बसते आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) थेट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. म्हणजे जुन्या लेन्सेस जपणारी कंपनी म्हणून जे गिऱ्हाईक आपसूक यायचं, तेही आता दुसरीकडे जाऊ शकतं.

माझ्या मते पेंटॅक्सला गिऱ्हाईक परत हवं असेल तर ऑटोफोकसच्या शर्यतीत धावण्यापेक्षा ती कळ परत बसवावी, तीही फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीत. के-१ मार्क २ हा २०१८ चा, त्यानंतर फुल फ्रेममध्ये नवं काही नाही. हे अशक्य वाटत नाही, कारण डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी फिल्म कॅमेऱ्याचा प्रकल्प जाहीर केला आणि २०२४ मध्ये हाताने रीळ पुढे सरकवायचा पेंटॅक्स १७ खरोखर बाजारात आणला. तेव्हा किती आनंद झाला होता!

आता मुद्द्याचं. इथे नाशिकमध्ये मला कुठल्याच दुकानात पेंटॅक्स हातात घेऊन पाहायला मिळाला नाही. मुंबई-पुण्यात कोणी वापरत असेल तर दुरुस्ती कुठे करता, सुटे भाग मिळतात का, हे कृपया सांगा. हिरव्या बटणाची सवय होते का, की कंटाळा येतो? के-३ मार्क ३ चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान आहे, त्यामुळे ५० मिमी जवळपास ७५ सारखी दिसणार. केवळ त्यासाठी सेकंडहँड के-१ शोधणं योग्य ठरेल का? आणि जे पेंटॅक्स सोडून गेले, त्यांनी नेमकं कशामुळे सोडला आणि काय मिळालं तर परत याल, तेही लिहा. बजेट साधारण एक लाखापर्यंत, बहुतेक फोटो निसर्गाचे आणि घरच्या माणसांचे.