वावेलचा किल्ला भुयारातून घुसून घेतला, मग एवढ्यात गेला कसा?

खानापूरवाला: पोलंडचं जरा वाचत होतो, त्यात बार कॉन्फेडरेशन आलं. 1768 ला तिथल्या सरदार मंडळींनी रशियाच्या ढवळाढवळीविरुद्ध बंड केलं, कारण राजा पोनियातोव्स्की पोलिशच पण गादीवर बसला तो रशियाची राणी कॅथरीनच्या जोरावर. 1772 च्या फेब्रुवारीत बंडवाल्यांच्या बाजूच्या श्वाझी नावाच्या फ्रेंच ऑफिसरनं थोडी माणसं घेऊन, रात्री सांडपाण्याच्या वाटेनं घुसून क्राकुवचा वावेल किल्ला मारला. आणि एप्रिलात शरण! हे काय झालं मग?

टिळकवाडी_कट्टा: अरे किल्ला घेतला पण खालचं शहर रशियनांकडंच की. रशियन सेनापती सुवोरोव धावून आला, एकदा हल्ला चढवला तो सपशेल फसला, भिंती फोडायला मोठ्या तोफा नव्हत्या त्याच्याकडं, मग बसला वेढा घालून. आत दाणा संपत चालला, बाहेरून कुमक येईना, कारण बंडवाल्यांचे सरदार ज्याचा त्याचा सुभा धरून बसलेले, त्यातला एक पुलास्की तिकडं चेन्स्तोहोवाच्या किल्ल्यात. फ्रान्सनं पैसा आणि ऑफिसर दिले, फौज दिली नाही, आता बोला.

संकेश्वरकर: आमच्या बाजूचा सामानगड आठवला बघा. 1844 ला गडकऱ्यांच्या जमिनीचा कारभार मामलेदाराकडं दिला म्हणून ते गड अडवून बसले, बेळगावच्या छावणीतून फौज गेली आणि ऑक्टोबरात गड पडला. तिथंबी बाहेरनं मदत आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं.

निपाणी_एक्सप्रेस: सगळ्यांना एकदम हिरो करू नका राव. रशियानं ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट लोकांना हक्क द्यायला लावले, त्याचाबी राग होता या कॅथलिक सरदारांना. अर्थात रशियाचा राजदूत रेपनिननं विरोध करणारे बिशप उचलून थेट रशियात धाडले होते, कोण गप्प बसेल? पण नोव्हेंबर 1771 ला या बंडवाल्यांनी खुद्द राजालाच वॉर्सातून पळवायचा प्रयत्न केला, तो सुटला आणि युरोपात यांचीच नाचक्की झाली. वावेल त्यानंतरचा, म्हणजे वेळच वाईट होती.

खानापूरवाला: हे राजा पळवायचं माहीतच नव्हतं, भारी. मग शेवटी काय झालं सगळ्यांचं?

टिळकवाडी_कट्टा: फ्रेंच कैदी रशियात नेले, पुढं सोडले. पोलिश बरेच जण सायबेरियाला. ऑगस्ट 1772 मध्येच रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया तिघांनी पोलंडचा पहिला लचका तोडला, चेन्स्तोहोवाबी त्याच महिन्यात पडलं. पुलास्की त्याच्या आधीच देश सोडून निसटला, नंतर अमेरिकेत जाऊन वॉशिंग्टनच्या बाजूनं घोडदळ उभं केलं आणि 1779 ला सवानाच्या वेढ्यात जखमी होऊन गेला. तिथं मात्र वेढा घालणाऱ्यांच्या बाजूनं होता गडी!