इचलकरंजीचे रंगीत पाणी उन्हाने स्वच्छ होईल का?

मूळ मत (धागाकर्ता)

पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की इचलकरंजीतील कापड-प्रक्रिया उद्योगाच्या रंगीत सांडपाण्यापाशी चर्चा येऊन थांबते. कापडाचे रंग धुऊन जाऊ नयेत, उन्हात विटू नयेत म्हणूनच घडवलेले असतात. असे रेणू जिवाणूंना सहज पचतील ही अपेक्षाच मुळात भाबडी आहे. म्हणून जैविक प्रक्रियेच्या जोडीला प्रकाश-उत्प्रेरकांचा, म्हणजे प्रकाश पडला की अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांचा, गांभीर्याने विचार व्हावा, असे माझे मत आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, मागे धन विवर (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) उरते, आणि या जोडीमुळे पाण्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) सेंद्रिय रेणूंचे तुकडे करत त्यांना शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेऊ शकतात. फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखवले ते १९७२ मध्ये. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाने पाण्यातील सायनाइडचे विघटन केले. ऊन आपल्याकडे मुबलक आहे आणि उत्प्रेरक स्वस्त आहे, मग अडते कुठे?

प्रतिसाद १ (सांडपाणी प्रक्रियेत काम केलेला)

अडते ते सांडपाण्यातच. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी (कापडाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांनी) रंगवताना भरपूर मीठ आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालावा लागतो, आणि ते सारे रंगाबरोबर गटारात येते. क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गाठतात, त्यामुळे रंगाच्या वाट्याला फारच थोडे उरतात. शिवाय पाणी इतके गडद असते की प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो. तुमच्या मुबलक उन्हाचे म्हणाल, तर ॲनाटेज या स्फटिक रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के असतो. भुकटी पाण्यात मिसळली तर इतके सूक्ष्म कण परत गाळून काढणे हे एक वेगळेच काम होऊन बसते, आणि काचेवर थर दिला तर पाण्याशी संपर्काचा पृष्ठभाग कमी पडतो.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

गडद पाण्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच हा टप्पा जैविक प्रक्रियेनंतर, पाणी बरेचसे निवळल्यावर असावा. अतिनील किरणांचीच अडचण असेल, तर सूर्यप्रकाशातील फेंटन अभिक्रिया आहे: लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या या पद्धतीत दृश्य प्रकाशाचाही काही भाग उपयोगी पडतो. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात परवलयी परावर्तकांवर अशा पद्धतींचा अभ्यास अनेक वर्षे झाला आहे.

प्रतिसाद ३ (सांडपाणी प्रक्रियेत काम केलेला)

ती अभिक्रिया ३ च्या आसपास सामूवर (pH), म्हणजे आम्लधर्मी पाण्यात, सर्वांत चांगली चालते. सोडा ॲशने अल्कधर्मी झालेले पाणी आधी आम्लाने तिथवर उतरवायचे, मग चुन्याने किंवा कॉस्टिकने पुन्हा उदासीन करायचे, आणि खाली बसलेला लोहाचा गाळ उचलायचा. आम्लाचा, चुन्याचा आणि गाळाचा हिशेब कागदावर मांडला, तर ‘फुकट ऊन’ हा शब्द आपोआप मागे पडेल.

प्रतिसाद ४ (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी)

माझा आक्षेप दोघांकडेही आहे, कारण आपण रंग जाणे आणि प्रदूषक जाणे यांत गल्लत करतो आहोत. आमच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू फिके पडले की सगळे खूश होतात. परंतु तो रंग स्वतःच प्रकाश शोषतो, आणि त्याचे क्षपण झाले (त्याला इलेक्ट्रॉन मिळाले) तरी तो रंगहीन होतो. हवा लागली की निळा रंग परत येतो. अझो रंगांतही नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसू लागते, पण बेंझिनची वलये पाण्यात शिल्लक राहू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे पाण्यात उरलेल्या सर्व सेंद्रिय पदार्थांतील कार्बन, मोजल्याशिवाय कोणताही दावा मी मान्य करणार नाही. हे मोजमाप न दाखवता निव्वळ रंगाचे आलेख मांडणाऱ्या प्रकल्पांना पैसा देणे मला उधळपट्टी वाटते.

प्रतिसाद ५ (धागाकर्ता)

हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत यायला हवा होता. तरीही एक सूचना कायम ठेवतो: रंगवण्याच्या टाकीतील खारे पाणी वेगळे काढावे, आणि नंतरच्या धुलाईचे, विशेषतः शेवटच्या फेऱ्यांचे, तुलनेने कमी मिठाचे पाणी प्रकाश-उत्प्रेरणाकडे पाठवावे. तिथे मूलकांना खाणारे क्षारही कमी असतील आणि प्रकाशही आत जाईल.

प्रतिसाद ६ (सांडपाणी प्रक्रियेत काम केलेला)

तांत्रिकदृष्ट्या याला माझा विरोध नाही. मात्र मी काम केले त्या ठिकाणी दोन्ही पाणी एकाच गटारातून बाहेर पडत होते. चालू कारखान्याची फरशी उकरून त्या गटाराची दोन गटारे करण्याचा खर्च कोणी करायचा, हे आधी ठरवा. उत्प्रेरक कोणता वापरायचा ते मग बोलू.