कात्रणातला ठिपक्यांचा फोटो नीट करता येईल का?

कोल्हापुरी_रस्सा: आजोबांचा एकच फोटो उरलाय, तोही १९७१ च्या पेपरच्या कात्रणात, कुस्तीचं मैदान मारलं तेव्हाचा. ३०० डीपीआयला (इंचात ३०० पिक्सेल) स्कॅन केला तर नुसते ठिपके, आणि मोबाईलवर बारीक करून बघितला की लुंगीच्या चौकड्यांसारखी जाळी येते. ब्लर मारला तर ठिपके गेले पण आजोबांच्या मिशा पण गेल्या 😅 काय करू?

खिळे_जुळारी: अरे त्या कागदावर करडा रंग नाहीचे मुळात, शाई आहे किंवा नाही एवढंच. आमच्या वेळी फोटोचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून आणायचो, पेपरसाठी ६५ ची वगैरे स्क्रीन, म्हणजे इंचात ६५ ठिपके, काळोख तिथे मोठा ठिपका, उजेड तिथे बारीक. ३०० ला एका ठिपक्याच्या वाट्याला साडेचार पिक्सेल येतात, त्यात ठिपका केवढा ते कसं कळणार? १२०० ला कर, ग्रेस्केलमध्येच, ब्लॅक-व्हाइट मोड अजिबात नको. आणि कात्रणामागे काळा कागद ठेव, नाहीतर मागची जाहिरात पण चेहऱ्यावर उमटेल.

अर्धवट_इंजिनीअर: +१. मग इमेजजे (ImageJ) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यात एफएफटी कर, म्हणजे फोटोत कुठला नक्षीचा नमुना किती वेळा परत परत येतो त्याचा नकाशा मिळतो. मधे एक मोठा उजळ डाग आणि भोवती, बहुतेक तिरक्यात, सुटे ठळक डाग दिसतील, ती ठिपक्यांची जाळी (काळ्या शाईची स्क्रीन सहसा ४५ अंशात असते). मधल्याला हात लावू नको, बाकीच्यांवर काळं फास आणि इन्व्हर्स एफएफटी, म्हणजे नकाशाचा परत फोटो. ब्लर सरसकट सगळंच पुसतो, इथे जाळी तेवढी जाते. पण ठिपक्यापेक्षा बारीक जे होतं ते ब्लॉक करतानाच गेलं, ते नाही येणार.

नुसताच_वाचक: एवढी खटपट कशाला, एआयच्या ॲपमध्ये टाका की, दोन सेकंदात एचडी

कोल्हापुरी_रस्सा: दोन्ही केलं. ॲपचा फोटो एकदम चकाचक, आईला दाखवला तर म्हणाली हे कोण? आजोबांचा डावा कान लाल मातीत घासून घासून मोडलेला, गड्ड्यासारखा, ॲपने तो सरळ करून दिला. एफएफटीवाला जरा धुरकट आहे, डोळे नीट नाहीत, पण मिशा आल्या आणि कान मोडलेलाच आहे. तोच फ्रेमला दिलाय.